पवित्राच्या जन्माची साक्ष

"आता तू सरकारी वकील," बाबा म्हणाले. "विचार मला. दयामाया नको."

ते घरापुढच्या खळ्यात मांडवाखाली खुर्चीवर ताठ बसले होते. मी समोर पाटावर बसून ओले काजूगर सोलत होते. दोन हजार चार सालच्या एप्रिलचा शेवटचा रविवार होता, आणि दोन दिवसांच्या रजेवर मी रत्नागिरीहून घरी आले होते.

"नाव?"

"विश्राम गोविंद मयेकर. निवृत्त मुख्याध्यापक. वय त्रेसष्ट."

"अर्जदार मुलगी पवित्रा करबीर बोहरा. हिचा जन्म कुठे झाला?"

"आमच्या गावी, कातळसड्याला. दाऊद काझींच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, राखणीच्या खोपटात."

"कधी?"

"एकोणीसशे शहाऐंशी साली, मार्चमध्ये. शिमग्याची पालखी आमच्या दारी आली त्या दिवशी."

"जन्म होताना तुम्ही बघितलात?"

"मी कसा बघणार? माझी बायको होती तिथे. सुईण पलीकडच्या वाडीत अडकली होती."

"बायकोला बोलवा साक्षीला."

"ती वारली. एक्याण्णव साली."

"मग सुईणीला बोलवा."

"तीही गेली."

"म्हणजे प्रत्यक्ष बघितलेलं एकही माणूस हयात नाही. तुम्ही ऐकीव सांगताय."

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. "चांगलं विचारतेस," ते म्हणाले. "हेच विचारतील."

मला ते विचारायला आवडत होतं, हे मी लपवणार नाही. त्या रविवारला वीस वर्षं झाली, आता लपवून तरी काय करायचं.

प्रकरण साधं होतं. करबीर बोहरा नेपाळहून आंब्याच्या राखणीला आला आणि बागेतच राहिला. इतर गुरखे कार्तिकात येत आणि पाऊस लागायच्या आत परतत. याला काझींनी बारमाही ठेवलं. त्याची मुलगी बागेत जन्मली, पण जन्माची नोंद कुणी केली नाही. गुरख्याच्या पोरीचा जन्म ग्रामपंचायतीत लिहायचा असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. आता तिने बारावीची परीक्षा दिली होती. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तर वीस मेच्या आत अर्ज, आणि अर्जाला जन्माचा दाखला हवा. भाटकर वकिलांनी सांगितलं होतं की सत्त्याऐंशीच्या जुलैच्या आधी जो इथे जन्मला तो इथलाच, आईबाप कुठलेही असोत. पण इथे जन्मली हे तालुक्याच्या कोर्टात सिद्ध करावं लागणार होतं. आईबापाच्या शब्दावर भागणार नव्हतं, तिसरं माणूस हवं होतं. तारीख पुढच्या मंगळवारची. त्यानंतर कोर्टाला मेची सुट्टी लागणार होती, ती जूनमध्येच उघडणार.

"आणि शाळेचं रजिस्टर?" मी म्हणाले. "तुमच्याच अक्षरात जन्मतारीख एक जून आहे. मार्च कुठून आला?"

"अगं, ती सवय." बाबा ओशाळले. "कागद नसलेल्या पोराला एक जून लावायचो. शाळा उघडते तेव्हा सहा पूर्ण. हिची खरी तारीख ठाऊक होती, तरी हात आपला तिकडेच वळला."

हे मात्र त्यांना मनातून लागलं होतं. सदतीस वर्षांत शेकडो मुलांना त्यांनी ती तारीख लावली, एकाचंही अडलं नाही. नेमकं हिचं अडलं.

"दुसरा साक्षीदार असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "सुलू, तुला आठवतं का गं काही? तू अकराची असशील तेव्हा."

"नाही."

"पालखी आली, आई घरात नव्हती... काहीच?"

"नाही आठवत, बाबा."

मी खोटं बोलले. बाबांनी मान हलवली. "लहान होतीस," ते म्हणाले.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून हाक आली, "गुरुजी!" आणि पवित्रा आत आली. अंगात शाळेचाच निळा कुडता, डोक्यावर पायरी आंब्यांची टोपली, धापा टाकत. बाबांचा चेहरा असा काही उजळला की मी काजूकडे बघू लागले.

"पाठ केलंस?"

"केलं. म्हणू?"

"आधी पाणी पी. किती धावलीस!"

रजेवर घरी येताना मी दोन बस बदलून येत असे. किती बस बदलल्या हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"ताई, कधी आलात?" पवित्रा म्हणाली. "ते सोलू नका हातांनी. चीक लागून कातडी जाईल. आईनं तेल दिलंय, आणू?"

"मी काजू सोलतच मोठी झालेय," मी म्हणाले.

तिने जीभ चावली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मलाच डोळ्यांनी दटावलं.

चारच्या बसला मी निघाले. बाबा फाट्यापर्यंत आले. एरवी येत नसत. "पुढच्या मंगळवारी जमेल का यायला?" त्यांनी विचारलं. "नुसती बसायला. मला बरं वाटेल."

"वाचनालयाची वार्षिक मोजणी आहे. रजा मिळणार नाही."

"बरं," ते म्हणाले. बस आली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली आणि मागच्या मागे वळले. घरी ती त्यांची वाट बघत होती, धड्याची पुस्तकं उघडून.

*

सोमवारी अकराच्या सुमाराला वाचनालयात फोन आला. माझा चुलतभाऊ रमाकांत होता. सकाळी सात वाजता विहिरीवर बाबांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटपलं.

"जवळ कोण होतं?" मी विचारलं.

"ती बागेतली पोरगी. शिकायला आली होती ना. तिनंच पाणी पाजलं."

मी फोन ठेवला. माझ्या मनात पहिली गोष्ट जी आली ती बाबा गेले ही नव्हती. शेवटचं पाणीसुद्धा तिच्याच हातचं, हे पहिलं आलं.

अग्नी रमाकांतने दिला. मग सुतक बसलं. इंदूआत्या बाबांची थोरली बहीण, ती येऊन राहिली आणि घराचे नियम तिच्या ताब्यात गेले. जमिनीवर झोपायचं. कुणाच्या घरी जायचं नाही. दहाव्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मला ते सोयीचं होतं. मंगळवारी नववा दिवस येत होता, हे मी बोटांवर पहिल्याच दिवशी मोजलं होतं.

पवित्रा रोज सकाळी यायची. सुतकातल्या घरात चूल आपली आपण पेटवत नाहीत, म्हणून शेजारपाजारचे डबे यायचे. ती विहिरीवरून पाणी भरून द्यायची, खळं झाडायची आणि जायची. कोर्टाचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. भाटकरांनी तारीख वाढवून मागायची ठरवलं होतं, हे मला रमाकांतकडून कळलं. तारीख वाढणार म्हणजे जून. अर्ज जाणार म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षीही साक्षीदार कोण हा प्रश्न तिथेच असणार.

मी तेव्हा काय विचार करत होते, ते खरंच सांगते. मी विचार करत होते की एक वर्ष गेलं तर गेलं. माझी तर डॉक्टर व्हायची इच्छाच गेली होती. बारावीला अठ्ठावन्न टक्के पडले तेव्हा कुणी माझ्यासाठी कोर्टात गेलं नव्हतं. बाबांच्या पत्रांत तिचं नाव किती वेळा येतं ते मी रत्नागिरीच्या खोलीत मोजत बसायचे. एका आंतरदेशीय पत्रात अकरा वेळा आलं होतं. माझं दोनदा, एकदा मायन्यात आणि एकदा पत्त्यावर.

सहाव्या दिवशी दुपारी आत्या माझ्याशेजारी येऊन टेकली.

"अगो बाय, ती गुरख्याची पोर अळणी जेवते, ठाऊक आहे तुला?"

"म्हणजे?"

"मीठच खात नाही. तिची आईस सांगत होती विहिरीवर. विश्राम गेला त्या दिवसापासून भात नि तूप. त्यांच्यात सुतकाची तशी रीत आहे म्हणे."

मी उठले. पवित्रा मागच्या दारी घागर घासत होती.

"तू मीठ सोडलंयस?"

तिचा हात थांबला. "आईनं सांगितलं वाटतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, ताई. आमच्यात पाळतात. गुरूचं तीन दिवस पाळायचं असतं."

"आज सहावा आहे."

घागरीवर राख तशीच होती.

"आणि आईबापाचं?" मी विचारलं. "आईबापाचं किती दिवस पाळतात तुमच्यात?"

"तेरा."

मला कळलं होतं, आणि मला कळलं हे तिला कळलं होतं.

"तो माझा बाप होता," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण आत्या दारात आली. "पाणी तू पाजलंस. ठीक. रोजचे धडे तुझे, ठीक. निदान सुतक तरी माझं मला असू दे."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. राख धुवायला तिने घागर कलती केली आणि शांतपणे म्हणाली, "तुमचाच होता, ताई. मला विसरायला कुठे दिलं त्यांनी? रोज ऐकवायचे. सुलेखा तिसरीत असताना हे वाचायची. सुलेखानं हे गणित दोन ओळींत सोडवलं असतं. माझं अक्षर चांगलं होतं आधी, ठाऊक आहे? गोल गोल, छान. तुमच्या जुन्या वह्या काढून ते गिरवायला लावलं. आता मी लिहिते ते तुमचं अक्षर आहे. मला एवढा राग यायचा तुमचा! तुम्ही घरी येणार असलात की आठ दिवस आधीपासून माझं काहीच चांगलं नसायचं."

"खोटं," मी म्हणाले.

"वह्या बघा."

"मला कधी एक शब्द बोलले नाहीत ते."

"मलाही माझ्याबद्दल नाही बोलले," पवित्रा म्हणाली. "तुम्हाला बोलायचे का माझ्याबद्दल?"

अकरा वेळा, मी मनात म्हटलं. तिला सांगितलं नाही.

ती घागर उचलून निघाली. वळून म्हणाली, "मंगळवारी मी कोर्टात जाऊन सांगून येईन की गुरुजी नाहीत. तुम्ही त्याचा विचार करू नका. घरात आत्ताच एवढं झालंय." आणि मग, अगदी सहज, "गुरुजींनी सांगितलंय मला, तुम्हाला आठवत नाही ते."

तिला एवढंच म्हणायचं होतं, टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मंगळवारी मी जागची हलले नसते.

*

मंगळवारी सकाळी मी अंघोळ करून साडी नेसले तेव्हा आत्या चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती.

"कुठं निघालीस?"

"तालुक्याला. कोर्टात."

"नववा दिवस आहे गो! उद्या पिंड. सुतकात कोर्टाची पायरी चढतात का? लोक काय म्हणतील, आत्मा घुटमळत असेल त्याचा इथं."

"घुटमळत असेल तर आज तो कोर्टात असेल, आत्या. त्यांनी तारीख लिहून ठेवलीय भिंतीवरच्या दिनदर्शिकेत."

"त्या नेपाळिणीसाठी?"

मी चपला घातल्या. आत्याने कपाळावर हात मारून घेतला, पण दार अडवलं नाही. "निदान कुणाला शिवू नकोस," ती मागून ओरडली.

बसमध्ये पवित्रा आणि करबीर पुढच्या बाकावर बसले होते. मला बघून करबीर उठून उभा राहिला. मुंडासं काढलं तेव्हा दिसलं, त्याने डोकं भादरलं होतं. मी मागच्या बाकावर बसले. तासाभराच्या त्या रस्त्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

भाटकर वकिलांना कोर्टाच्या व्हरांड्यात मी साक्ष देणार असं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे आणि मग पवित्राकडे बघितलं. "गुरुजी म्हणाले होते, मुलीला आठवत नाही."

"आठवतं," मी म्हणाले.

त्यांनी आणखी विचारलं नाही. साक्षीदार बदलण्याचा अर्ज तिथेच खरडला.

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश पन्नाशीचे, सर्दीने बेजार झालेले. सरकारी वकील तरुण, नीटनेटका, नाव सावंत. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. पवित्रा बाकाच्या टोकाशी बसली होती. करबीर आत आलाच नाही, मुंडासं हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिला.

भाटकरांनी मला दिवस विचारला, मी सांगितला. मग सावंत उठले.

"मार्च शहाऐंशीमध्ये तुमचं वय?"

"अकरा. पाचवीत होते. शाळेचा दाखला आणलाय."

"अकरा वर्षांच्या मुलीला अठरा वर्षांपूर्वीचा एक दिवस असा आठवतो?"

"तो आठवतो."

"का?"

"पालखी दारात आली की आई देवीची ओटी भरायची," मी म्हणाले. "त्या वर्षी ताट मी धरणार होते. पहिल्यांदाच. त्यासाठी आईनं मला हिरवं परकर-पोलकं शिवलं होतं. खालच्या वाडीत ढोल वाजायला लागले आणि करबीर धावत आला. त्याच्या बायकोला, जमुनाला, कळा सुरू झाल्या होत्या. आई होती तशी गेली. पालखी आली, थांबली, आत्यानं ओटी भरली. ताट तिनं स्वतःच्या मुलीच्या हातात दिलं. पालखी गेल्यावर आई आली. मी तिच्याकडे धावले तर म्हणाली, शिवू नकोस, मी बाळंतपणाहून आलेय. आणि दारातूनच बाबांना म्हणाली, मुलगी झाली, गोरीपान आहे."

न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला होता तो खाली घेतला.

"रजिस्टरमध्ये मात्र एक जून लिहिलंय," सावंत म्हणाले. "तुमच्याच वडिलांनी."

"माझ्या वडिलांनी सदतीस वर्षांत निम्मा तालुका एक जूनला जन्माला घातला."

मागे कुणी तरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "सावंत, ते सोडा. माझीही एक जूनच आहे." मग टंकलेखकाने आपल्या छातीकडे बोट दाखवून मान हलवली, आणि हसू सगळीकडे पसरलं. सावंतही हसले. पण पुढचा प्रश्न त्यांनी हसत विचारला नाही.

"बागेत एक मुलगी जन्मली, मान्य करू. हीच ती मुलगी कशावरून? हे लोक जातात, येतात. ती मुलगी नेपाळला राहिली, वारली, पुढे दुसरी आणली, असं नाही कशावरून? कागद तर एकही नाही."

भाटकर उठू लागले. मी हातानेच त्यांना थांबवलं.

"पहिल्या पावसाळ्यात आईनं माझी दुपटी पेटीतून काढून हिला दिली," मी म्हणाले. "मला न विचारता. चौथ्या वर्षी ही शाळेच्या खिडकीला लटकून कविता म्हणायची, बाबांनी तिला आत घेऊन मांडीवर बसवलं. मी त्यांच्या वर्गात चार वर्षं होते, मला बाकावर बसवायचे. एक्याण्णवला आई आजारी होती तेव्हा ही रोज तिच्या उशाशी बसून बडबडायची आणि आई हसायची. उजव्या भुवईत हिला खूण आहे, ती आमच्या पायरीवर पडून झालेली आहे, त्याच वर्षी दिवाळीत. त्र्याण्णवला माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी हिला विंचू चावला. बाबा हिला सायकलवर घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मी निकाल हातात धरून संध्याकाळपर्यंत खळ्यात बसले होते. ते आले, हिला आमच्याच घरात झोपवलं आणि माझा निकाल दुसऱ्या दिवशी विचारला. दवाखान्याच्या नोंदीत नाव असेल. शहाण्णवला चौथीची शिष्यवृत्ती मिळाली हिला. साखर वाटली बाबांनी, शेजारच्या तीन गावांत. सातवीत असताना महिनाभर दिसली नाही, तेव्हा गोवर निघाला होता. नववीला चष्मा लागला. तो बाबांनी आणला."

टंकलेखक केव्हाच मागे पडला होता. न्यायाधीश म्हणाले, "सावकाश, बाई."

"फारच तपशील आहे," सावंत म्हणाले. "मग मूळ अर्जात साक्षीदार म्हणून तुमचं नाव का नाही?"

"वडिलांनी मला विचारलं होतं. मी आठवत नाही म्हणाले."

"कधी?"

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी."

पवित्राने मान वर केली, हे मला न बघताही कळलं.

"म्हणजे स्वतःच्या वडिलांशी तुम्ही खोटं बोललात," सावंत म्हणाले.

"हो."

"मग आज कोर्टाशी खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

भाटकरांनी डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं, एवढं सगळं जमवलेलं त्या एका उत्तराने हातातून निसटत होतं. टंकलेखकाची बोटं यंत्रावर थांबली होती.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. "वडिलांशी खोटं का बोललात?"

मी पवित्राकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि नऊ दिवस मीठ न खाल्लेला तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"मला हिचा हेवा वाटतो, साहेब," मी म्हणाले. "ही जन्मली त्या दिवसापासून. हिला दाखला मिळू नये असंच मला वाटत होतं, म्हणून मी खोटं बोलले. बाबा तसेच गेले, त्यांना हे सांगायचं राहिलं. आईला नाही, बाबांना नाही, मी हे कुणालाच कधी सांगितलं नाही. लिहून घ्या. अठरा वर्षांत या मुलीवरची माझी नजर एक दिवस हटलेली नाही. ही हे गाव सोडून गेली असती तर ते सगळ्यांत आधी मला कळलं असतं. मी त्याचीच वाट बघत होते."